होडी घरी आणताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत दरवर्षी आपल्यापैकी कोणीतरी चार शब्द सांगावेत असा आपला प्रघात आहे. यंदा चिटणीसबाईंचा निरोप आला, "तुम्ही लेकीकडे सहा महिने इंग्लंडात राहून आलात, तेव्हा तिकडचे काही सांगा." तिकडचे राजवाडे आणि संग्रहालये यांची वर्णने आपण सर्वांनी पुष्कळ वाचली आहेत. त्यात माझी भर घालण्यात अर्थ नाही. मी आज एका लहानशा शिडाच्या होडीची हकीकत सांगणार आहे. ती होडी सत्तरी ओलांडलेली मी, माझी मुलगी आणि बारा वर्षांची नात अशा तिघीजणींनी मोटारीमागे जोडून सुमारे ७० मैल, म्हणजे ११० किलोमीटर, घरी आणली.

महिला मंडळाच्या व्यासपीठावर होडीचे काय काम, असे कोणाच्या मनात येईल. पण आपण रत्नागिरीकर. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला भाट्याची खाडी घेऊन आपण जन्मलो. असे असून आपल्यापैकी किती जणींना पोहता येते, हे मी विचारणार आहे. तो प्रश्न शेवटी विचारीन. आधी होडीचे सांगते.

या होडीच्या जातीचे नाव 'मिरर'. १९६३ साली लंडनमधल्या 'डेली मिरर' या वर्तमानपत्राच्या पुढाकाराने ती निघाली. त्या काळी शिडाची होडी म्हणजे श्रीमंतांचा शौक समजला जाई. कामकरी माणसालाही ती परवडावी, घरच्या घरी बांधता यावी, असा त्या पत्राचा हेतू होता. जॅक होल्ट हे होड्यांचे नामांकित रचनाकार आणि बॅरी बकनेल हे घरगुती सुतारकाम दूरदर्शनवर शिकवणारे गृहस्थ, अशा दोघांनी मिळून तिची आखणी केली. सुटे भाग एकत्र बांधून विकत मिळत. सुरुवातीची किंमत होती ६३ पौंड ११ शिलिंग. पुढे जगभर अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या. होडीची शिडे लाल असतात, कारण त्या पत्राचा रंग लाल.

तिच्या बांधणीची रीत ऐकून मला फार गंमत वाटली, आणि तुम्हांलाही वाटेल. आपण पोलके शिवतो तेव्हा काय करतो? कागदी नमुन्यावरून कापड बेततो, तुकडे एकमेकांना कच्चे टाके घालून जोडतो, अंगाला बरोबर बसते की नाही ते पाहतो, आणि मगच पक्की शिवण घालतो. मिरर होडी तशीच होते. पातळ प्लायवूडच्या बेतलेल्या फळ्यांच्या कडांना बारीक भोके पाडायची आणि तांब्याच्या तारेचे टाके घालून फळ्या जोडायच्या. होडीला आकार आला, की सांध्यांवर काचेच्या धाग्याची पट्टी राळेसारख्या रसायनाने चिकटवायची. ती वाळून दगडासारखी होते. जिला टाका घालता येतो तिला होडी बांधता येते, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती व्हायची नाही.

लांबी जेमतेम ११ फूट, रुंदी साडेचार फूट, आणि नुसत्या सांगाड्याचे वजन ४५ किलो, म्हणजे तांदळाच्या एका पोत्याहूनही थोडे कमीच. आणखी एक सोय अशी, की तिची डोलकाठी आखूड असते. वरचे लाकूड दोराने उभे चढवून शिडाला उंची देतात. त्यामुळे सारी लाकडे होडीच्या पोटात मावतात, आणि रस्त्याने नेताना मागे-पुढे काही बाहेर येत नाही.

माझी मुलगी लंडनच्या पश्चिमेला स्लाऊ या गावी राहते. घरापासून थोड्या अंतरावर एक जलाशय आहे. तिथे नातीच्या शाळेतली मुले होड्या चालवायला शिकत. नातीच्या मनाने घेतले, की आपणही शिकायचे, आणि पुढे स्वतःच्या होडीत बसायचे. दोन वर्षे वाढदिवसाचे आणि सणासुदीचे पैसे तिने साठवले. उरलेले आईवडिलांनी घातले. जुनी मिरर ४०० पौंडांना मिळत होती. ती होती बॉझम या खाडीकाठच्या गावी, दक्षिण किनाऱ्यावर.

मला हे कळले तेव्हा माझ्या मनाची काय अवस्था झाली, ते जुन्या शेजाऱ्यांना सांगावे लागणार नाही. माझा थोरला भाऊ चौदाव्या वर्षी भाट्याच्या खाडीत गेला. मी त्या वेळी आठ वर्षांची होते. तो मित्रांबरोबर होडीत बसला होता. होडी उलटली. दोघे पोहत काठाला आले. याला पोहता येत नव्हते. त्या दिवसापासून आमच्या आईने आम्हां बहिणींना घोट्याच्या वर पाण्यात पाऊल टाकू दिले नाही. आईचे दुःख मला पुरते समजते. पण खाडी जिथल्या तिथे राहिली. आमचा शाळेचा रस्ता तिच्याच काठाने जात होता. पावसाळ्यात तिचे पाणी आमच्या मागल्या दाराच्या पायऱ्यांना लागत असे. पाणी आमच्यापासून दूर गेले नाही आणि आम्ही पाण्यापासून दूर गेलो नाही. फक्त पाण्यात काय करावे, ते आम्हांला ठाऊक नव्हते, इतकेच.

मी मुलीला एवढेच म्हटले, "माझी संमती हवी असेल तर होडी आणायला मी बरोबर येणार. ती कशी आहे, कशी बांधली जाते, कशी चालते, सगळे मला डोळ्यांनी पाहायचे आहे." मुलगी म्हणाली, "आई, मला हेच हवे होते. त्या दिवशी यांची इस्पितळात पाळी आहे. आपण तिघीच जाऊ."

आता तयारीचे सांगते. ही आठवडाभर चालली होती, आणि खरे काम तेच होते.

मोटारीच्या मागे एक लोखंडी गोळा बसवून घ्यावा लागतो. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला वाटीसारखी कडी असते, ती त्या गोळ्यावर बसते. शेजारी सात टोकांचा विजेचा जोड असतो. त्यातून ट्रेलरच्या मागच्या दिव्यांना वीज मिळते, म्हणजे मोटारीने ब्रेक लावला की ट्रेलरचाही तांबडा दिवा लागतो. तिथला कायदा या बाबतीत कडक आहे. ज्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नाही, तो मालासकट ७५० किलोंपेक्षा किंवा मोटारीच्या निम्म्या वजनापेक्षा जड चालत नाही. यांतली जी मर्यादा कमी, ती पाळायची. आमचा सगळा पसारा दीडशे किलोंच्या आतबाहेर होता, त्यामुळे ती काळजी नव्हती. मागे दिव्यांची फळी हवी, तिच्यावर मोटारीचाच नंबर हवा, तांबडे चमकणारे त्रिकोण हवेत, आणि कडी निसटलीच तर ट्रेलर रस्त्यावर मोकाट सुटू नये म्हणून एक साखळी हवी.

मुलीने यापूर्वी कधी ट्रेलर ओढला नव्हता. शेजाऱ्यांचा बागेतला पालापाचोळा नेण्याचा लहान ट्रेलर तिने मागून घेतला आणि दोन दिवस संध्याकाळी एका मोकळ्या मैदानात सराव केला. पुढे जाणे सोपे असते. मागे येणे अवघड, कारण चक्र उजवीकडे फिरवले की ट्रेलर डावीकडे जातो. तिने एक युक्ती शिकून घेतली. चक्राला तळाशी हात धरायचा, आणि ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला हात सरकवायचा. वळणावरही ध्यान ठेवावे लागते. ट्रेलर कोपरा कापून आतून येतो, म्हणून मोटार जरा लांबून वळवायची. दुसऱ्या संध्याकाळी तिने दोन बादल्यांच्या मधून ट्रेलर मागे घेतला. नातीने टाळ्या वाजवल्या, पण मुलगी म्हणाली, "अजून तीनदा."

तिने फोनवर होडीच्या मालकांना एक प्रश्न विचारला. तो मला फार आवडला. "ट्रेलरच्या टायरवर चार आकडे असतील, ते वाचून सांगाल का?" त्या आकड्यांवरून टायर कोणत्या वर्षी, कोणत्या आठवड्यात तयार झाला ते कळते. टायर २००९ सालचे निघाले. वर्षातून दोनदा पाण्याच्या काठापर्यंत ढकलण्यापुरते ते ठीक असतील, पण महामार्गावर धावण्याजोगे नव्हेत. त्यातून लहान ट्रेलरची चाके मोटारीच्या चाकांहून बुटकी असतात. मोटारीचे चाक दोन फेरे घेते तेवढ्यात ट्रेलरचे तीन घेते. म्हणजे टायर तापतात लवकर आणि आतल्या बेअरिंगांनाही काम जास्त. तिने टायरांसकट दोन नवी चाके विकत घेतली आणि मोटारीत टाकली. वरून चाक काढण्याचा पाना, जॅक, गंज सोडवण्याचे तेल, बांधायचे पट्टे, स्नानघरातला वजनकाटा, आणि माझी गोधडी. गोधडी कशासाठी ते पुढे येईल.

४ जून २०२३, रविवार. आदल्या दिवशी वटपौर्णिमा झाली होती, आणि पौर्णिमेच्या भरतीला उधाण असते हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. बॉझम गावात खाडीच्या काठाने एक रस्ता आहे. उधाणाच्या भरतीला तो पाण्याखाली जातो आणि बेसावध पाहुण्यांच्या मोटारी पाण्यात उभ्या राहतात. जुना राजा कॅन्यूट याने भरतीला "मागे फिर" अशी आज्ञा केली, आणि भरतीने ती मानली नाही, ही गोष्ट या गावाचीही सांगतात. मालकांचे घर नेमके त्याच रस्त्यावर होते. भरती दुपारच्या सुमारास पुरी होणार होती. "अकराच्या आत निघा," असे त्यांनी बजावून ठेवले होते. आम्ही सव्वानऊला पोहोचलो.

मालक ऐंशीच्या घरातले एक वृद्ध गृहस्थ होते, एकटे राहणारे. होडी त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने १९७० साली घराच्या मागल्या खोलीत बांधली होती. "तारेचे टाके सगळे तिने घातले," ते म्हणाले, "माझी बोटे जाड." बाई तीन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. त्यानंतर होडी पाण्यात गेली नव्हती.

मुलीने होडी नीट तपासली. माठ विकत घेताना आपण जसा टिचकी मारून पाहतो, तसे तिने पानाच्या मुठीने होडीचे सारे अंग ठोकून पाहिले. टणक आवाज आला तर लाकूड चांगले, भद्द आवाज आला तर आत पाणी मुरून कुजलेले. मागच्या कोपऱ्यात हातभर जागी आवाज बसका होता. तिने ते स्पष्ट सांगितले. गृहस्थांनीही मान्य केले आणि ४० पौंड कमी केले. मी लक्ष देऊन पाहत होते ते होडीच्या कडेच्या बंद कप्प्यांकडे. त्यांत हवा कोंडलेली असते. होडी उलटली, पाण्याने भरली, तरी या कप्प्यांमुळे ती बुडत नाही, तरंगत राहते. माझ्या भावाच्या होडीला असे कप्पे नव्हते. कप्प्यांची झाकणे घट्ट बसतात की नाही, ते मी एकेक करून स्वतः फिरवून पाहिले.

मग चाके. एका बाजूचे चाक पाच मिनिटांत निघाले. दुसऱ्या बाजूच्या चार नटांपैकी तीन निघाले, चौथा गंजून बसला होता. तेल सोडले. थांबलो. पाना लावला, हलेना. गृहस्थांनी हातभर लांब लोखंडी नळी आणून पान्याच्या दांड्यात घातली, तरी हलेना. साडेदहा झाले होते. फाटकातून पाहिले तर रस्त्याच्या पलीकडच्या कडेला पाणी लागले होते. त्या वेळी मोटार सोडून होडी तिथेच ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी यावे, असे माझ्या मनात आले. पण दुसऱ्या दिवशी सर्वांनाच आपापली कामे होती, आणि उधाण काही एका दिवसात उतरत नाही. मी पुन्हा तेल सोडायला सांगितले आणि नटाच्या डोक्यावर हातोडीने हळूहळू ठोके मारायला सांगितले. जुन्या पितळी डब्याचे गंजलेले झाकण आपण असेच सोडवतो. दहा मिनिटांनी नळीच्या टोकावर नात दोन्ही पाय ठेवून उभी राहिली आणि तिने एक उडी मारली. कर्रर्र आवाज झाला आणि नट सुटला.

नवे चाक चढवून होडी बांधायला घेतली. इथे माझी गोधडी कामी आली. प्लायवूड पातळ असते. त्यावरून पट्टा करकचून आवळला तर कड चेपते, आणि सैल ठेवला तर होडी उड्या मारते. जुन्या लुगड्यांची ती गोधडी दुहेरी घडी करून पट्ट्यांखाली घातली, म्हणजे पट्टा घट्ट बसला आणि लाकडाला जाच झाला नाही. पट्ट्याला मुद्दाम एक पीळ द्यावा, नाही तर वाऱ्याने तो वाटभर गुणगुणत राहतो, हे गृहस्थांनी शिकवले. नंतर ट्रेलरचे पुढचे टोक वजनकाट्यावर टेकवून पाहिले. हे फार महत्त्वाचे. भार मागे जास्त झाला तर ट्रेलर धावताना सापासारखा वळवळू लागतो. भार किंचित पुढे हवा. काट्यावर १५ किलो आले. कडी गोळ्यावर बसवली. मग ती नीट अडकली की नाही हे पाहण्यासाठी ट्रेलरचे पुढचे टेकू-चाक फिरवून टोक वर उचलले. मोटारीचा मागचा भागही बरोबर उचलला गेला, म्हणजे कडी पक्की बसली. साखळी, दिवे, डावा, उजवा, ब्रेक. नात मागे उभी राहून एकेक ओरडून सांगत होती.

निघताना गृहस्थांनी नातीच्या हातात एक जीर्ण पुस्तिका दिली. होडी बांधण्याच्या सूचनांची होती ती. कडेला पेन्सिलीने त्यांच्या पत्नीच्या हातची टिपणे होती. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनीही हात जोडले. आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा पाणी डाव्या चाकांपासून दोन वितींवर होते.

पुढची वाट अशी, की आधी पश्चिमेला हॅव्हंटपर्यंत, मग उत्तरेला एथ्री हा मोठा रस्ता पीटर्सफील्ड आणि गिल्डफर्डवरून, आणि शेवटी लंडनभोवतीचा एमट्वेंटीफाइव्ह हा वर्तुळाकार महामार्ग. ट्रेलर असलेल्या मोटारीला साध्या रस्त्यावर ताशी ५० मैल आणि महामार्गावर ६० मैल एवढीच मुभा असते, आणि तीन किंवा अधिक पदरांच्या महामार्गावर सर्वांत उजव्या पदरात जायला बंदी. मुलीने पन्नासच्या वर काटा जाऊ दिला नाही. लोक पुढे निघून जात होते, जाऊ दिले.

बारा-तेरा मैलांवर क्वीन एलिझाबेथ पार्कच्या वाहनतळावर आम्ही थांबलो. पट्टे पहिल्या काही मैलांत हमखास सैल पडतात. एक पट्टा दोन बोटे सैल झाला होता, तो आवळला. मग चाकांच्या मधल्या तुंब्यांना तळहात लावून पाहिला. तवा तापला की नाही ते आपण जसा हात जवळ नेऊन पाहतो तसे. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर आतले वंगण संपले असे समजावे. दोन्ही कोमट होते. जाता जाता हेही सांगते. तापलेला तुंबा लगेच थंड पाण्यात बुडवला तर तो पाणी आत ओढून घेतो आणि बेअरिंग गंजते. म्हणून जाणते लोक ट्रेलर पाण्यात नेत नाहीत. होडी एका हलक्या हातगाड्यावर उतरवून तेवढीच नेतात.

हाइंडहेड येथे डोंगराखालून बोगदा आहे, २०११ साली खुला झालेला, जवळजवळ दोन किलोमीटर लांबीचा. आत सगळे शांत होते. बाहेर पडताच बाजूचा वारा लागला आणि त्याच वेळी एक भलामोठा ट्रक शेजारून गेला. ट्रेलर दोनदा डोलला. मला आरशात होडीचे नाक डावीकडे उजवीकडे जाताना दिसले. मी काही बोलले नाही. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही आणि वेगही वाढवायचा नाही. चक्र सरळ धरायचे आणि वेगाच्या पट्टीवरून पाय अलगद उचलायचा. मुलीने तसेच केले. चार क्षणांत होडी पुन्हा आपल्या मागे गाईच्या वासरासारखी सरळ चालू लागली. मग नात म्हणाली, "आई, तुझे कान लाल झालेत." तेव्हा आम्ही तिघी हसलो.

अडीच वाजता घर आले. घरची गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना मोटारी. तिथे सरावाची परीक्षा द्यायची मुलीला गरज वाटली नाही. तिने ट्रेलर रस्त्याच्या कडेला सोडवला आणि आम्ही हातांनी ढकलला. समोरच्या घरातले पंजाबी आजोबा आणि शेजारची पोलिश बाई न बोलावता धावून आले. गल्लीतल्या कोणाला होडीतले काही कळत नव्हते, पण ढकलणे सगळ्यांना येते. मी होडीला हळदकुंकू लावले आणि नारळ वाढवला. पंजाबी आजोबांनी खोबऱ्याचा पहिला तुकडा घेतला.

पण भगिनींनो, होडी घरी आली म्हणजे सगळे झाले असे नाही. माझी खरी कसोटी तीन आठवड्यांनी लागली. होडीचा कोपरा दुरुस्त झाला. तपासणी झाली. मग जलाशयावरच्या शिक्षकबाईंनी सांगितले, की पहिला धडा म्हणजे होडी मुद्दाम उलटवायची. अंगात तरंगते जाकीट, जवळ इंजिनाची संरक्षक नाव, आणि मुलीने स्वतःहून होडी उलटी करून पाण्यात पडायचे.

मी काठावर उभी होते. लाल शीड कलले, आडवे झाले, पाण्यावर सपाट पडले. नात दिसेना. मी मनात आकडे मोजू लागले. सात म्हणेपर्यंत होडीच्या पलीकडे तिचे डोके वर आले. ती पोहत मागून वळसा घालून आली. होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर ती चढली, दोर धरून मागे रेलली, आणि तिच्या एवढ्याशा वजनाने ती होडी हळूहळू उठून उभी राहिली. पाणी निथळत. कडेच्या कप्प्यांनी आपले काम केले होते, आणि तिने आपले. साठ वर्षांहून अधिक काळ मी उलटलेली होडी मनात बाळगून होते. उलटलेली होडी पुन्हा सरळ होते, हे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

माझी भीती गेली, असे मी म्हणणार नाही. ती जाऊही नये. टायरचे आकडे विचारायला लावते, पट्टे पुन्हा पाहायला लावते, कप्प्यांची झाकणे तपासायला लावते, ती भीती फार गुणाची आहे. भीतीला दाराशी पहाऱ्यावर बसवून ठेवले तर ती मुलींना कोंडून ठेवते. तिलाच कामाला लावले तर ती त्यांना जपते.

इंग्लंडात प्राथमिक शाळा सोडेपर्यंत प्रत्येक मुलाला २५ मीटर पोहता यावे, असे अभ्यासक्रमातच आहे. आपल्याकडेही मुली मागे नाहीत. २०१७-१८ साली गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून आपल्या नौदलातील सहा महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०२४-२५ साली त्याच नौकेतून दोघीच जणी जगाला वळसा घालून मे महिन्यात गोव्याला परतल्या. त्या मुलींनीही एके दिवशी पहिल्यांदा पाण्यात तोंड बुडवले असेल, आणि काठावर कोणीतरी आकडे मोजीत उभे असेल.

आता माझा प्रश्न. या सभागृहात ज्यांना पोहता येते त्यांनी हात वर करावा.

मी मोजले. अकरा हात आहेत, आणि त्यांतले सात शेजारी बंधूंचे. यात लाजण्यासारखे कोणाचेच काही नाही. आपल्याला कोणी शिकवले नाही, एवढेच. पण आपल्या नाती आपल्यापेक्षा वेगळ्या असाव्यात, हे आपल्या हातात आहे. माझी मंडळाला विनंती आहे, की यंदाच्या वर्धापनदिन निधीतून मुलींच्या पोहण्याच्या वर्गाची फी भरावी. तलाव, शिकवणाऱ्या बाई आणि तरंगती जाकिटे यांची चौकशी करण्याचे काम मी अंगावर घेते. दहा ते चौदा वयाच्या मुलींची नावे आज सभा संपल्यावर खजिनदारबाईंकडे द्यावीत. मोठ्या भगिनींपैकी कोणाला शिकायचे असेल तर त्यांनीही नाव द्यावे. त्या यादीत पहिले नाव मी माझे घातले आहे.